तिसरा वाडगा

१

फोन वाजला तेव्हा तोमोए इसोगाई लोणच्याचे मुळे दोरीला टांगत होती. नोव्हेंबरातली शनिवारची सकाळ. साडेसात वाजून गेले होते तरी उशीदानीच्या खोऱ्यातलं धुकं हटायला तयार नव्हतं. अंगणापलीकडचे चहाचे मळे कुणी पुसून टाकल्यासारखे नाहीसे झाले होते.

"चूझाई-सान, लवकर या," योसुके तारुमीचा आवाज फाटला होता. "काका हलत नाहीयेत. आणि इथे कसला तरी भयंकर वास सुटलाय."

चौकीतच घर, घरातच चौकी. नऊ वर्षांपूर्वी ती ओत्सूहून बदलून आली तेव्हापासून गावाने तिला नावाने हाक मारलीच नव्हती. गावात वस्तीला राहणारा पोलीस तो चूझाई, म्हणून ती चूझाई-सान. हात पुसून ती तशीच सायकलवर बसली.

गेन्पाची तारुमी आपल्या गोळ्यांच्या कारखान्यात खांबाला टेकून बसले होते. हनुवटी छातीवर, पाठ मात्र ताठ. उजव्या हाताची नखं चटईत इतकी रुतली होती की गवताच्या काड्या उसवून वर आल्या होत्या. मरताना ते ओरडले असले, तरी ऐकायला आसपास कुणी नव्हतं. समोर चहाचा एक रिकामा कप होता.

वास त्या कपातूनच येत होता. चहाच्या मळ्यांवर फवारायचं जुनं कीटकनाशक. चुकून कुणी पिऊ नये म्हणून बनवणारेच त्यात असा वास घालतात की शंभर पावलांवरून नाक धरावं. तोमोए रुमाल लावून आत शिरली. कोपऱ्यातल्या फुलदाणीपाशी गेल्यावर तिला दुसराच एक दर्प आला. शेवंती कधीच सुकून गेली होती आणि तळाचं पाणी हिरवं होऊन कुजलं होतं. चुलीवरच्या भांड्यात करपलेला भात होता, आणि तो अर्धा खाल्लेला होता.

डॉक्टर मुरोईंनी कप नाकाजवळ नेला आणि लगेच दूर धरला. "काल दुपारनंतर केव्हातरी गेले. आणि हे नकळत प्यायले असं म्हणूच नका. पुदिना कुठल्या डोंगराच्या कुठल्या अंगाचा हे नुसत्या वासावरून सांगणारा माणूस हा! जाणूनबुजून प्यायले, दुसरं काय?"

खोऱ्यात कुणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं. तारुमी हे शिनोबींचं घराणं. पाहुणे ज्यांना निंजा म्हणतात आणि काळे कपडे घालून ज्यांचे फोटो काढतात, ते हे. एकेकाळी ह्या घराण्याने सरदारांचे डोळे आणि कान म्हणून काम केलं. सरदार गेले, मग त्यांनी पोटाच्या गोळ्या केल्या. डोंगरातला झाडपाला ओळखण्याची विद्या तीच, फक्त गिऱ्हाईक बदललं. गेन्पाची ह्या परंपरेतले बाविसावे. त्यांनी कधी खेळ दाखवले नाहीत, कधी मुलाखत दिली नाही. गाव त्यांना नुसतं गुरुजी म्हणे.

बाहेर गाडी थांबली आणि रेंजी होशिना धावत आला. पायात काळे मोजे, डोक्याला काळा रुमाल. शेजारच्या खोऱ्यात तो पर्यटकांसाठी 'निंजाघर' चालवतो, सकाळच्या खेळाची तयारी अर्धवट टाकून आला होता. उंबऱ्याशीच त्याने गुडघे टेकले.

"शिनोबीला शोभेल असं मरण!" तो गहिवरून म्हणाला. "स्वतःची वेळ स्वतः निवडली गुरुजींनी."

"रेंजी-सान, जरा हळू," योसुके म्हणाला. तो गुरुजींचा पुतण्या, मिनाकुचीच्या औषध कंपनीत रसायनतज्ज्ञ, दर शनिवारी काकांना भेटायला येणारा. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो प्रेताकडे पाहतच नव्हता. तो भिंतीतल्या कोनाड्याकडे पाहत होता.

"चूझाई-सान," तो म्हणाला, "स्वतःची वेळ स्वतः निवडणारा माणूस स्वतःचाच डबा चोरून नेतो का?"

कोनाडा रिकामा होता. चारशे वर्षं तिथे असलेला लाखेचा डबा नाहीसा झाला होता.

२

वरून आलेल्या तपास-अधिकाऱ्यांनी दोन दिवसांत निष्कर्ष काढला: म्हातारा माणूस, एकटा, कपावर फक्त त्याच्याच बोटांचे ठसे, आत्महत्या. डबा त्यानेच जाळला असेल.

तोमोएने चुलीतली राख चाळणीने चाळली. डब्याला लोखंडी पट्ट्या होत्या आणि लोखंड काही जळून जात नाही. राखेत एक खिळाही सापडला नाही.

जाळण्याची गोष्ट मात्र खरी होती. महिन्याच्या सुरुवातीला गावाच्या चहापानात गुरुजी उठून उभे राहिले होते आणि कुणी न विचारता म्हणाले होते, "डिसेंबरच्या एक तारखेला मी डबा जाळणार. बाविसावा तोच शेवटचा." आणि खाली बसून चहा प्यायले होते. ते वाक्य ज्यांच्या वर्मी लागलं असेल अशी तीन माणसं तोमोएला दिसत होती.

रेंजी तिला त्याच्या निंजाघरात भेटला. भिंतीवर रबरी चांदण्या आणि प्लास्टिकच्या तलवारी लटकत होत्या.

"तेविसावा मीच होणार होतो," तो म्हणाला. "सतरा वर्षं त्यांच्या पायाशी बसलो. भिंत चढायला शिकलो, पाण्याखाली श्वास धरायला शिकलो. आणि शेवटी काय म्हणाले माहीत आहे? 'रेंजी, तुला उड्या येतात. गप्प बसणं येत नाही.'"

"मग राग आला असेल."

"आला ना! दोन दिवस खेळ बंद ठेवला." मग त्याचा आवाज खाली आला. "पण त्यांना विष कोण पाजणार, चूझाई-सान? त्या नाकाला? मी एकदा नवा साबण लावून गेलो, तर अंगणातूनच ओरडले, 'कुठल्या दुकानात लोळून आलास?'"

योसुके तिला कंपनीच्या उपाहारगृहात भेटला. समोरची नूडल्स गार होईपर्यंत तो बोलत राहिला, पण कामाचं एकच वाक्य बोलला. "डब्यात काय आहे मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. लहानपणी एकदा विचारलं होतं. म्हणाले, 'दुसऱ्यांची लाज आहे. आपण फक्त राखणदार.'"

तिसरे प्राध्यापक शुजी कुरामोची. निवृत्तीनंतर सहा वर्षांपूर्वी त्यांनी गावाच्या वरच्या टोकाला घर भाड्याने घेतलं ते केवळ गुरुजींसाठी. दर गुरुवारी ते वही घेऊन कारखान्यात जात, आणि गुरुजी बोलले तर लिहीत, न बोलले तर गोळ्या वळायला मदत करत. असा शांत, अदबशीर माणूस गावाने पाहिला नव्हता.

त्यांनी तोमोएसाठी रताळी भाजली. "शिनोबी हे अक्षर कसं लिहितात पाहा," वाफाळतं रताळं सोलत ते म्हणाले. "खाली हृदय, वर पातं. पातं टेकलेलं असतानाही हृदय हलू द्यायचं नाही. आज हे कोण करणार? फोनवर सकाळचा नाश्ता सगळ्या जगाला दाखवणारी माणसं आपण. गुरुजींना ते कळलं होतं. विद्या संपली, मग आपणही संपावं, असं त्यांनी ठरवलं. मला आश्चर्य वाटलं नाही."

"आणि डबा?"

"पुरला असेल डोंगरात. शोधू नका, चूझाई-सान. काही गोष्टी हरवलेल्याच बऱ्या."

परतताना तोमोएला ते बोलणं पटलं होतं. घरी आल्यावर तिने कपाटातून कुरामोचींनी कधीतरी भेट दिलेलं, त्यांनीच लिहिलेलं पुस्तक काढलं. न उघडताच ठेवून दिलेलं पुस्तक. चौथ्या पानावर एक ओळ होती: *शिनोबीचं पहिलं कर्तव्य जिवंत परत येणं. जो मेला, त्याने आणलेला निरोपही मेला. म्हणून स्वतःहून मरणं ही शिनोबीची सर्वांत मोठी हार.*

तिने ती ओळ दोनदा वाचली. रेंजी काहीही बरळेल, त्याला गर्दी जमवायची असते. पण ज्याने हे लिहिलं, तोच माणूस आज तिला उलटं का सांगत होता?

३

गुरुवारी सकाळी रेंजी स्वतः चौकीत आला. साध्या कपड्यांत.

"कुणीतरी माझ्या घरात शिरलं होतं. काल दुपारी, मी खेळात होतो तेव्हा. दाराला कुलूप, खिडक्यांना कड्या. काही चोरीला गेलं नाही, काही हललंसुद्धा नाही. फक्त जेवणाच्या मेजावर एक वाडगा होता. शेजारी काड्या नीट मांडलेल्या. जेवायला या म्हटल्यासारख्या."

"वाडग्यात काय होतं?"

"फुनाझुशी."

तोमोएने नकळत नाक आवळलं. बिवा तळ्यातला मासा मीठभातात दोन-दोन वर्षं मुरवून करतात ते. शौकीन त्यासाठी जीव टाकतात आणि बाकीचे घर सोडून पळतात.

"रोज पन्नास लोकांना अदृश्य व्हायला शिकवता की हो तुम्ही," ती म्हणाली.

"चेष्टा करू नका!" रेंजी जवळजवळ रडकुंडीला आला होता. "मी शिकवतो तो खेळ आहे. हे... हे खरं कुणीतरी होतं."

तो जाऊन तासही झाला नसेल तेवढ्यात योसुकेचा फोन आला. मिनाकुचीत, चौथ्या मजल्यावरचं त्याचं घर. कुलूप जसंच्या तसं. मेजावर वाडगा, काड्या, फुनाझुशी. "आख्खा मजला तक्रार करतोय, चूझाई-सान. माझ्यावर कुणी नजर ठेवतंय का?"

तोमोए दोन्ही घरं पाहून आली. कुठे ओरखडा नाही, पाऊल नाही. एवढंच ध्यानात आलं की दोन्ही स्वयंपाकघरांत भिंतीवर तारुमींच्या गोळ्यांची औषधपेटी होती. पण ती खोऱ्यातल्या घराघरात असते; वापराल तेवढ्याचे पैसे द्या, बाकीचं पुढच्या फेरीला भरून मिळेल. "बाहेरचं कुणी येतं का घरात?" तिने दोघांना विचारलं होतं. दोघेही म्हणाले, "छे, कुणीच नाही."

हे वाडगे म्हणजे धमकी की निरोप? असलं काही वाचू शकेल असा एकच माणूस गावात होता. उन्हं उतरायच्या आत ती कुरामोचींच्या घरी पोचली.

थंडी हाडांत शिरत होती, आणि प्राध्यापकांच्या घराची प्रत्येक खिडकी सताड उघडी होती. ते ओव्हरकोट घालून आत बसले होते. समोर उदबत्त्यांचा अख्खा जुडगा जळत होता.

"घराला जरा हवा देतोय," ते म्हणाले. तिने वाडग्यांची हकिकत सांगितली, ती त्यांनी मान तिरकी करून ऐकली. "विचित्र आहे. पोरांचा चावटपणा असेल."

"तुमच्याकडे असं काही?"

"माझ्याकडे? नाही हो. माझ्याकडे कोण येणार?"

फाटकापाशी आल्यावर तिने मागे वळून पाहिलं. मुळ्याच्या वाफ्यात एक करडं मांजर ताजी माती उकरत होतं. तिची चाहूल लागताच त्याने तोंडात काहीतरी धरलं आणि कुंपणाखालून पळालं.

घरी येऊन तिने गणवेश उतरवला तर बाहीला अजून त्या माशाचा वास होता. काही केल्या जाईना. अशा वासात माणूस मिनिटभर बसू शकत नाही, ती पुटपुटली, आणि तिचा हात तसाच थांबला.

कुजलेली फुलदाणी. करपलेला भात, तोही अर्धा खाल्लेला. ज्याला साबणाचा वास अंगणातून येई, तो माणूस त्या दर्पाशेजारी बसून जेवला होता.

गुरुजींना वास येतच नव्हता. ते विष त्यांनी जाणूनबुजून घेतलं नव्हतं; ते त्यांना साध्या चहासारखं दिलं गेलं होतं. आणि देणाऱ्याला त्यांचं नाक गेल्याचं माहीत होतं.

४

कुरामोचींच्या उघड्या खिडक्यांतली थंडी अजून तिच्या अंगात होती. गरम पाण्यात काहीतरी घ्यावं म्हणून तिने स्वतःच्या स्वयंपाकघरातली औषधपेटी उघडली. सर्दीची हिवाळी पाकिटं ओळीने लावलेली होती. नवी. कधी भरली? मंगळवारी? बुधवारी? कुणी आलं होतं का घरात?

छे, कुणीच नाही, असं तिच्या मनाने उत्तर दिलं. रेंजी आणि योसुकेनेही हेच उत्तर दिलं होतं.

तामाए साकानो. तीस वर्षं छोटी पांढरी गाडी घेऊन तीन खोऱ्यांत औषधपेट्या भरत फिरणारी. कुंडीखालची किल्ली, मीटरमागची किल्ली, सगळ्या तिला ठाऊक. ती येते, भरते, जाते. कुणी वर मान करून पाहत नाही. तोमोएला तिचा चेहरा आठवायला खरोखर डोळे मिटावे लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तामाए कारखान्याच्या अंगणात सापडली. शेवटच्या घाण्याच्या गोळ्या चाळणीवर पसरत होती. साठीच्या आतबाहेरची बाई, करडा स्वेटर, करडे केस.

"गुरुजींचं नाक गेलं होतं," तोमोए उभ्याउभ्याच म्हणाली. "हे तुम्हाला माहीत होतं."

तामाएचे हात थांबले नाहीत. "ऑगस्टात ताप आला होता त्यांना. ताप उतरला, पण नाक आणि जीभ घेऊन गेला. प्रत्येक घाणा मीच हुंगून सांगायची. गोळ्या करणाऱ्याचं नाक गेलं हे कुणाला कळता कामा नये, म्हणाले. मी कुणाला सांगितलं नाही."

"ते मेल्यावरही?"

"मेल्यावर सांगायचं असं ठरलं नव्हतं." तिने एक फुटकी गोळी उचलून बाजूला ठेवली. "आता तुम्हीच ओळखलंत, म्हणून बोलतेय."

"म्हणजे हे गुपित दोघांना माहीत होतं. एक तुम्ही."

"मग पकडा मला."

धुकं पुन्हा खोऱ्यात उतरायला लागलं होतं. बाई इतकी स्वस्थ होती की तोमोएलाच क्षणभर भीती वाटली. ह्या हातांनी काय काय केलं असेल ते कुणाला कळलंसुद्धा नसतं.

"खुनी तुम्ही असतात तर वाडगे कशाला मांडले असतेत?" ती शेवटी म्हणाली.

"कसले वाडगे?" तामाएने निर्विकारपणे विचारलं, आणि आवाजाचा सूर न बदलता पुढे बोलू लागली. "एक गोष्ट सांगते. ते जाण्याआधी पंधरा दिवस मी इथे आले तर फाटकापर्यंत फुनाझुशीचा वास. गुरुजींना त्या माशाची शिसारी. आत जाऊन पाहते तर बरणी त्यांच्या गुडघ्याशी उघडी. म्हणाले, 'पाहुण्याने गोड शिजवलेली आयू मासळी आणली आहे, तू घेऊन जा.' पाहुणा कोण ते त्यांनी सांगितलं नाही. पाहुण्यांची नावं ते कधीच सांगत नसत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पडायला हवा होता." पहिल्यांदाच तिचा आवाज जरा चिरकला. "कुणीतरी तपासून पाहत होतं, नाक खरंच गेलंय का ते."

"आणि तो कोण, हे तुम्हालाही माहीत नव्हतं. म्हणून..."

"चूझाई-सान," तामाए म्हणाली, "घरात न बोलावता असा मासा येऊन बसला तर माणूस काय करतो?"

"आरडाओरडा. चौकीत धावतो."

"किती जण धावत आले?"

"दोन."

तामाए चाळणी उचलून आत निघाली. उंबऱ्याशी ती किंचित थांबली. "मग तिसऱ्या वाडग्याचं काय झालं, ते तुम्ही शोधा. माझं काम निरोप पोचवण्यापुरतं."

५

शनिवारी सकाळी तोमोए वरच्या टोकाला पोचली, तेव्हा कुरामोचींच्या गाडीची डिकी उघडी होती. दोन पेट्या आत गेल्या होत्या. तिसरी वस्तू घोंगडीत गुंडाळून त्यांनी छातीशी धरली होती.

"क्योतोला चाललोय चार दिवस," ते म्हणाले. "थंडी सोसत नाही आता."

"परवा मात्र सोसत होती. खिडक्या उघड्या टाकून बसला होतात."

ते हसले. "हवा बदलणं गुन्हा आहे का?"

"नाही. घरी वाडगा आला हे न सांगणंही गुन्हा नाही. पण रेंजी सांगत आला, योसुके सांगत आला, कारण त्या माशाचा अर्थ त्यांना कळला नाही. तुम्हाला पाहताक्षणी कळला. तुम्ही तो मुळ्याच्या वाफ्यात पुरलात. मांजराने काढला." तिने एक पाऊल पुढे टाकलं. "आणि मी विचारलं तर म्हणालात, माझ्याकडे कोण येणार. ज्याच्या मनात काही नाही तो असं का लपवेल, कुरामोची-सान? तुम्ही आयुष्यभर लिहिलंत की स्वतःहून मरणं ही शिनोबीची हार. आणि मला रताळं सोलून देत सांगितलंत की गुरुजींनी तेच केलं, मला आश्चर्य वाटलं नाही. घोंगडी उघडा."

धुक्यात कुठेतरी एक कावळा ओरडत होता. मग कुरामोची डिकीच्या कडेवर बसले, आणि त्यांनी घोंगडी अशी उलगडली की आत झोपलेलं मूल असावं. लाखेचा डबा, लोखंडी पट्ट्या.

"तुम्हाला कल्पना आहे का ह्यात काय आहे?" त्यांचे डोळे चमकत होते. "नावं. चारशे वर्षांची. कोणत्या घराने शेजारच्या घराला सरदाराच्या हवाली केलं, कुणी भावाला विकलं, कुणी युद्धाच्या दिवसांत कुणाविरुद्ध चिठ्ठी लिहिली. ह्याच खोऱ्यातली घरं. शिनोबींनी पाहिलेलं सगळं, एका हातातून दुसऱ्या हातात. असा कागद उभ्या देशात दुसरा नाही! आणि हा हट्टी म्हातारा तो चुलीत घालणार होता. का, तर त्या घरांची नातवंडं एकाच शाळेत जातात म्हणून!"

"माणूस मेला, कुरामोची-सान."

"माणसं मरतातच. कागद एकदाच जळतो."

तोमोएने आवाज स्थिर ठेवला. "चहा तुम्ही केलात?"

"मीच. गुरुवारीच जायचो मी. त्या आठवड्यात शुक्रवारी गेलो." ते आपल्या हातांकडे पाहत होते. "त्याने कप तोंडाशी नेला. तेवढ्या क्षणी वाटलं, हात मारून पाडावा तो कप. खरंच वाटलं. पण त्याने डोळे मिटले, वास घेतल्यासारखं केलं आणि म्हणाला, 'वा! काय सुवास आहे.' लपवत होता. नाक शाबूत आहे असं मला दाखवत होता. सहा वर्षं मी त्याच्याकडून एक गोष्ट शिकत होतो, चेहरा हलू द्यायचा नाही. मग मीही हलू दिला नाही."

६

खटला हिवाळाभर चालला. कुरामोचींनी गुन्हा कबूल केला, पण डब्यातलं काय वाचलं ते त्यांना न्यायालयात सांगायचं होतं. दोनदा त्यांनी सुरुवात केली, दोनदा न्यायाधीशांनी ते प्रकरणाशी संबंधित नाही म्हणून थांबवलं. तिसऱ्यांदा ते रडले. डब्यातला मजकूर कुठेच नोंदला गेला नाही.

तोमोएला वरून एकच प्रश्न आला. "ते वाडगे कुणी ठेवले? कुलूपबंद घरात शिरणं हाही गुन्हाच आहे." तिने कागद पुढे ओढला. सतरा वर्षांच्या नोकरीत तिने एक खोटी ओळ लिहिली नव्हती. रेंजीचा पडलेला चेहरा तिला आठवला, योसुकेची भीती आठवली. कायदा त्यांच्याही बाजूने होता. अर्धा तास ती पेन हातात धरून बसली. मग तिने लिहिलं: अज्ञात व्यक्ती. शोध लागला नाही.

एप्रिलमध्ये डबा वारस म्हणून योसुकेला परत मिळाला. त्याने तोमोएला कारखान्यात बोलावलं. रेंजीलाही बोलावलं होतं. तो साधा सदरा घालून आला आणि निघेपर्यंत एक शब्द बोलला नाही, हे तोमोएच्या नजरेतून सुटलं नाही. कोपऱ्यात तामाए पाकिटांची गाठोडी बांधत होती. गोळ्यांचं काम योसुकेने नोकरी सोडून हातात घेतलं होतं आणि घराघरात ती पोचवायला ती लागतच होती.

"उघडू नका," निघताना रेंजी एवढंच म्हणाला होता. योसुकेने उघडला नाही. तसाच चुलीत ठेवला. लाख आधी फुगली, मग तडतडली. चारशे वर्षांच्या लाजा वीस मिनिटांत धूर होऊन छपरातून वर गेल्या. खोऱ्यात कुणीतरी चहाची पहिली पानं खुडत होतं, त्यांच्या बोलण्याचा आवाज खालून येत होता.

"झालं," योसुके म्हणाला. त्याचे डोळे धुराने की कशाने लाल झाले होते. "काका म्हणाले होते बाविसावा तोच शेवटचा. पण मला रोज तो वाडगा आठवतो, चूझाई-सान. चौथा मजला, कुलूपबंद दार. माझ्या काकाला ज्याने मारलं त्याला ज्याने उघडं पाडलं, त्याचे मला पाय धरायचे आहेत. तुम्ही तपास केलात. खरं सांगा, कुणी आहे का अजून? शिनोबी उरलाय का ह्या खोऱ्यात?"

त्याला हे कळण्याचा हक्क होता. तोमोएला ते मनापासून वाटलं. नाव तिच्या जिभेवर आलं होतं. पाच पावलांवर गाठोड्याची दोरी आवळली जात होती, ना संथ, ना घाईने. एका शब्दाने ह्या पोरक्या माणसाला केवढा आधार मिळाला असता. आणि त्याच शब्दाने, उद्यापासून, प्रत्येक घर तामाएसाठी दार उघडताना वर मान करून पाहू लागलं असतं.

"नाही," तोमोए म्हणाली. "माझ्या तपासात तरी कुणी सापडलं नाही."

योसुके तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. तिने चेहरा हलू दिला नाही. हळूहळू त्याची मान खाली गेली. त्याला ते खरं वाटलं होतं.

तामाएने गाठोडी उचलली, दोघांना सारखंच वाकून नमस्कार केला आणि ती आपल्या फेरीला निघून गेली. ओत्सूला परत बोलावणारं बदलीचं पत्र तोमोएच्या खिशात आठवडाभर पडून होतं. त्या दुपारी चौकीत येऊन तिने नकार लिहिला, आणि कारणाच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही.